दहावं बोट

गोकाकचे पास्टर बेन्यामिन आले
बगलेत सहा हात मांजरपाट घेऊन.
म्हणाले, पेंटर, यावर स्वप्नातला पुतळा काढायचा.
डोकं सोन्याचं, छाती चांदीची,
पोट पितळेचं, तंगड्या लोखंडाच्या,
पाय मात्र अर्धे लोखंड, अर्धी माती.
मी म्हटलं, सोनेरी डबा महाग झालाय.
ते म्हणाले, डोक्यापुरताच तर हवा.

निपाणीत तीस वर्षं मी पाट्या रंगवतो.
हुकूम बदलला की अक्षरांची उंची बदलते,
मराठी खाली जाते, कन्नड वर येते,
दुकानात तंबाखू तोच.

पाय काढताना समोर माझेच पाय होते.
पास्टर मोजत बसले, आणि दचकले: नऊच?
तवंदी घाटात ट्रकखाली एक करंगळी गेली, सांगितलं.
ते म्हणाले, दहा राज्यं आहेत हो, भविष्यवाणी चुकते!
मग दहावं बोट मी अंदाजानं काढलं.

नंतर तेवीसशे दिवसांची रेघ.
एक दिवस म्हणजे एक वर्ष, असा त्यांचा हिशेब.
कापड पुरेना. मधली हजार वर्षं
मी टिंबांवर भागवली.
रेघ येऊन थांबली अठराशे चव्वेचाळीसला.
आला का मग तो, त्या दिवशी?
नाही आला, म्हणाले. आढेवेढे घेतले नाहीत,
तिथं मला माणूस आवडला.
तिकडं लांबच्या मुलखात कुणी तर
बटाटेही काढले नव्हते म्हणे, शेतातच ठेवले,
आता कशाला लागतात म्हणून.
दुसऱ्या दिवशी सकाळी
तो बांधावर कसा उभा राहिला असेल
एवढंच मी रात्रभर बघत होतो.

तारीख बरोबर होती, पास्टर म्हणाले, जागा समजली नाही.
त्या दिवसापासून वर, आतल्या खोलीत,
एकेकाचं खातं तपासणं चालू आहे.
संकेश्वरच्या फाट्यावर मी एकदा बाण उलटा काढला होता.
कोल्हापूरची माणसं बेळगावला पोचली.
तेव्हा मीही म्हणालो होतो,
बाण बरोबर आहे, खांब कुणीतरी फिरवलाय.
हे त्यांना बोललो नाही.
निकालाची वाट बघणं
आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.

पण केझियाचं काय करू?
माझी मेव्हणी. बावीस वर्षं विड्या वळल्या तिनं.
यांच्याकडं बुडून बाप्तिस्मा घेतला
आणि सूप कोपऱ्यात उभं केलं ते केलंच.
शनिवारची हजेरी गेली, मुकादम शिव्या देऊन गेला.
त्या दुपारी मी तिच्या दारावरून गेलो,
ती झोपली होती.
ताप नसताना भरदिवसा झोपलेली विडीवाली
मी जन्मात पहिल्यांदा बघितली.
हे कुठल्या रेघेवर मांडायचं?

शेवटच्या कोपऱ्यात एक छोटं घर काढायचं होतं,
वर लिहायचं: उरलेले. म्हणजे खरी मंडळी.
मी ब्रश खाली ठेवला.
माझी आई मेथडिस्ट. रविवार कधी चुकवला नाही,
खोकत खोकत गेली, पदराला तंबाखूचा वास.
तिला कुठं रंगवू, विचारलं,
घरात, की त्या शिंगवाल्या प्राण्याच्या मागं?
पास्टर बराच वेळ गप्प राहिले.
म्हणाले, शिक्का अजून कुणालाच बसलेला नाही.
ज्याला जेवढा उजेड मिळाला, तेवढाच त्याचा हिशेब.
मग कोपऱ्यातलं घर एवढं लहान का, मी म्हटलं.
त्यांनी कापडाकडं बोट केलं: जागाच तेवढी उरली.

लोखंड मातीत मिसळत नाही म्हणे.
पत्र्याच्या तुकड्यावर मी मिसळून बघितलं.
आमच्या गल्लीचा रंग आला,
आई कानडीत रागवायची, बाबा मराठीत समजूत काढायचे, तो.
पायांना तोच दिला.

घरावरची अक्षरं झकास जमली, कबूल.
दार सांगितल्यापेक्षा दोन सूत रुंद झालं,
ब्रश जाड होता.
पास्टरांनी बघितलं, काही बोलले नाहीत.
निम्मे पैसे दिले.
उरलेले रविवारी देणार आहेत.